हेडलाइटला लावलेला कौल

चारकोपच्या स्टॉपवर वनमाला डबा घेऊन उभी दिसली, की बसचा कंडक्टर बस थांबायच्या आधीच दोनदा घंटी मारायचा. त्यात त्याचा दोष नव्हता. वनमालाच्या मालवणी मसाल्याची जातच तशी होती. डब्याला झाकण, झाकणावर कापड, कापडावर सुतळी, एवढं करूनही तो बाहेर यायचाच. आधी शेजारचा माणूस नाक चोळायचा, मग त्याच्या मागचा, मग पुढचा.

त्या दिवशी तर कहरच झाला. पवईच्या वळणावर बसने हिसका दिला आणि एका डब्याचं झाकण सरकलं. सगळी बस शिंकू लागली. शिंकता शिंकता एका म्हाताऱ्याची कवळी पडली ती पुढच्या बाईच्या पिशवीत गेली. शेवटी ड्रायव्हरला शिंक आली तेव्हा त्याने बस कडेला घेतली, खाली उतरला आणि डोळ्यांवर पाणी मारत बसला. कंडक्टर वनमालाला म्हणाला, "बाई, आता एक तर मसाला उतरेल नाही तर मी उतरेन."

मसाला उतरला. त्याच्याबरोबर वनमाला उतरली आणि तिचा नवरा दत्ताराम गुरवही उतरला. रिक्षावाले मीटर पाडायच्या आधी डब्याचा वास घेत आणि मान हलवून पुढे जात. दोघं डोक्यावर डबे घेऊन घाटकोपरला पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. माल पोचायचा होता सकाळी नऊला.

घाटकोपरचे जयवंतराव पाच ऑफिसांची कँटीनं चालवत. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळाचा होता. ते म्हणाले, "मसाला एक नंबर आहे वहिनी. पण माझी कालवणं नऊला चुलीवर चढतात. येत्या सोमवारी नऊच्या आत वीस किलो माझ्या दारात आला, तर वर्षभराचं काम तुमचं. नाही आला, तर मी दुसरी बाई बघून ठेवली आहे."

संपानंतर दत्तारामची गिरणी पुन्हा उघडली, पण दत्तारामसाठी नाही. सत्तावीस वर्षं फोल्डिंग खात्यात कापडाचे दोष काढणारा माणूस पाच वर्षं घरात बसून मिरच्यांची देठं काढत होता. घर मसाल्यावर चाललं होतं, आणि आता मसाला चालणार होता सोमवारच्या नऊवर. म्हणजे सोमवारच्या आत गाडी हवी होती.

गाडी चालवायचा प्रश्न आधीच सुटला होता. कांदिवलीच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नवरा-बायको एकत्र आली तर फी कमी होती, म्हणून दोघांनीही नाव घातलं होतं. दत्ताराम तीनदा नापास झाला. समोरून ट्रक आला की तो डोळे मिटून घ्यायचा. वनमाला पहिल्याच दिवशी पास झाली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "समोर गाय आली तर काय कराल?" ती म्हणाली, "गाय बघेल काय करायचं ते." साहेब तेव्हा तिच्या शेजारीच बसले होते. त्यांनी लगेच सही केली.

दत्तारामचा जुना दोस्त खंडू कांबळे बस डेपोत फिटर होता. गिरणीच्या चाळीत दोघांचे बाप शेजारी राहत. खंडूचं घर साताऱ्याकडचं, बोलणं तिखट आणि कान असा, की रस्त्याने बस गेली तर तो आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. त्यानेच खबर आणली की मुलुंडला एक बँकेतले गृहस्थ आपली छोटी गाडी विकतायत. टॅक्सीच्याच जातीची, पण खासगी, एका हातची. बारा हजार मागतायत.

"एका हातची म्हणजे काय रे?" दत्तारामने विचारलं.

"म्हणजे तिची जी काय वाट लागली असेल ती एकट्यानेच लावली आहे. चल, रविवारी बघून येऊ."

दत्तारामने गाडी कधी घेतली नव्हती, पण माल पारखून घ्यायची त्याला सवय होती. विकणारा लपवतो आणि घेणारा शोधतो, हा धंद्याचा धर्म. म्हणून रविवारी बसमध्ये त्याने दोघांना बजावलं. "तोंड वाकडं ठेवायचं. गाडी कितीही आवडली तरी 'ठीक आहे' एवढंच म्हणायचं. आणि वनमाला, सोमवारचं एक अक्षर काढू नकोस. गरज दिसली की भाव चढतो."

वनमालाच्या मांडीवर दोन किलोचा मसाल्याचा डबा होता, तीन फडक्यांत बांधलेला. खंडूने त्याच्याकडे बघून विचारलं, "वहिनी, हा कशाला?"

"माझी पण एक परीक्षा आहे," ती म्हणाली.

मुलुंडच्या सोसायटीच्या आवारात गाडी आंब्याच्या झाडाखाली उभी होती. रंग दुधी, चाकांच्या वाट्या चकचकीत. शेजारी मालक नंदकुमार वालावलकर पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात उभे. बँकेत हेड कॅशियर. भाषा अशी स्वच्छ, की बातम्या लागल्यासारखं वाटावं. त्यांच्यामागे त्यांची बायको सुलक्षणा चहाचा ट्रे घेऊन आली.

दत्तारामने तोंड वाकडं केलं आणि पहिला डाव टाकला. "गाडी जुनी दिसते."

"अतिशय जुनी आहे," नंदकुमार म्हणाले. "शिवाय आजारी आहे. पावसात हिच्यात पाणी येतं. उन्हात ही तापते. थंडीत सकाळी चालू होत नाही."

दत्ताराम गोंधळला. हे त्याने शोधून काढायचं होतं.

"काहीतरीच सांगतात," सुलक्षणा पुढे झाली. "घड्याळासारखी चालते. अहो, चहा घ्या. मी सांगते ना, गेल्या वर्षी आम्ही हिच्यातून नाशिकला गेलो."

"कसाऱ्यापर्यंत गेलो," नंदकुमार म्हणाले. "पुढे आम्ही एसटीने गेलो. गाडी आमच्या आधी मुलुंडला परत आली, ट्रकवर चढून."

खंडूने खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. जुन्या लाउडस्पीकरचं होतं. ते तो पत्र्यावरून फिरवू लागला. जिथे खरं लोखंड तिथे ते चिकटे, जिथे नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला तिथे गळून पडे. डाव्या मडगार्डवर ते पडलं. दारावर पडलं. दाराखाली तर खंडूने चारदा लावलं आणि चारदा उचललं.

"इथे लोखंडच नाही," तो म्हणाला.

"नाहीच," नंदकुमार प्रेमाने म्हणाले. "तिथे मी आहे. सात वर्षं दर रविवारी मी स्वतः लांबी भरतो, घासतो, रंग लावतो. डाव्या बाजूची गाडी म्हणजे जवळजवळ माझीच बनावट समजा."

दत्तारामनेही डोळे मिटून पत्र्यावर हात फिरवला. फोल्डिंग खात्यात त्याची बोटं प्रसिद्ध होती. ताग्यात एक धागा तुटलेला असला तरी बोट थांबायचं. इथे बोट जे थांबलं ते पुढे सरकेचना. छपरावर एक, बॉनेटवर दोन, मागे तर मोजदादच नव्हती. पण गंमत अशी, की प्रत्येक जागी रफू केलेलं होतं आणि रफू इतकं मायेने केलं होतं, की दत्तारामच्या मनात आलं, हा माणूस आमच्या खात्यात असता तर मास्तर झाला असता.

तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की नंदकुमारही त्याच्याबरोबर हात फिरवतायत. गाडीच्या एका बाजूने हा, दुसऱ्या बाजूने ते. आणि त्यांचे डोळे ओले होते.

सुलक्षणाने वनमालाला बाजूला घेतलं. "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते. आतापर्यंत नऊ जण गाडी बघून गेले. हे प्रत्येकाला असलंच सांगतात. यांना विकायचीच नाहीये. मला विकायची आहे. पगाराचा निम्मा भाग हिच्या पोटात जातो. मुलगी लग्नाची झाली आणि हिच्या सीटला नवीन कव्हर येतं."

म्हणजे डाव उलटा होता. विकणारा लपवत नव्हता, हाकलत होता. दत्तारामच्या गिरणीच्या अनुभवात असला विकणारा नव्हता. त्याने वाकडं तोंड सरळ केलं, कारण त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"चालवून बघू," वनमाला म्हणाली.

तिने डबा डिकीत ठेवला, वरचं फडकं सोडलं आणि डिकी लावली. मग सगळ्यांना काचा वर करायला सांगितल्या. "आता एक चक्कर मारायची. डिकीतला वास आत आला तर डिकीला भोक आहे. मला दर आठवड्याला वीस किलो न्यायचा आहे, मला शिंकत गाडी चालवायची नाही."

खंडू म्हणाला, "वहिनी, डेपोत पंचवीस वर्षं झाली, असली टेस्ट मी बघितली नाही."

स्टिअरिंगवर वनमाला, शेजारी खंडू, मागे दत्ताराम आणि नंदकुमार. गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि आवाराबाहेर पडली. सोसायटीच्या वळणापर्यंत कुणाला काही झालं नाही. वळण घेतल्यावर नंदकुमारनी खिशातून रुमाल काढला.

"काय झालं?" दत्तारामने विचारलं.

"काही नाही, जरा," एवढं म्हणून ते शिंकले. मग दत्ताराम शिंकला. मग मागची सीट आळीपाळीने शिंकू लागली, एक झाला की दुसरा, तालात.

"सीटच्या मागे भोक आहे," वनमालाने निकाल दिला. "केवढं आहे?"

दत्तारामने शिंकत शिंकत सीटमागे हात घातला. "लिंबाएवढं."

"लिंबाएवढं चालेल. बुजवता येईल. डावीकडे जाऊ ना?"

डावीकडे जायचं नव्हतं. पण शिंकत असलेल्या माणसांनी काय सांगावं? गाडी एका बोळात शिरली. दोन्ही बाजूंना भिंती, आणि शेवटी एका बंगलीचं फाटक. फाटकाच्या आत एक कुत्रा. वनमालाने गाडी फाटकाला टेकवून थांबवली.

"आता मागे घ्या," खंडू म्हणाला.

वनमालाने गिअरचा दांडा वर केला, खाली केला, आत दाबला, बाहेर ओढला. गाडी प्रत्येक वेळी बोटभर पुढे सरकली. कुत्रा प्रत्येक वेळी बोटभर मागे सरकला.

"नंदकुमारसाहेब, रिव्हर्स कुठे आहे?"

नंदकुमार रुमालाआडून म्हणाले, "आहे, पण नसल्यासारखा आहे. एकोणीसशे ऐंशीपासून पडत नाही. मी अशाच ठिकाणी जातो जिथून सरळ बाहेर पडता येतं."

"हे मघाशी का नाही सांगितलं? बाकी सगळं सांगितलंत."

"त्याची इतकी सवय झाली आहे, की तो दोष आहे हेच विसरलो होतो," ते म्हणाले, आणि ते खरं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला होता.

तिघं पुरुष उतरले आणि गाडी मागे ढकलू लागले. वनमाला आत बसून सांगत होती, "डावीकडे. तुमची नाही, माझी डावी. अहो, भिंत." बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत बघायला पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यातल्या एकाने विचारलं, "नवीन घेतली का?" खंडू म्हणाला, "नाही, जुनीच परत करतोय."

आवारात परत आल्यावर चौघं आंब्याखाली बसली. सुलक्षणाने पुन्हा चहा आणला. आता ठरवायची वेळ होती.

"खंडू, खरं सांग," दत्ताराम म्हणाला.

खंडूने बशीत चहा ओतला. "इंजिन चांगलं आहे. ब्रेक चांगले आहेत. पत्रा म्हणजे देवाघरी गेलेला आहे, पण पत्रा गाडी ओढत नाही. रिव्हर्स मी पुढच्या रविवारी उघडून बसवून देईन. पण चालू असताना ही थरथरते, हिवताप आल्यासारखी. ते कशाने ते मला अजून कळलं नाही. थरथर नसती तर मी म्हटलं असतं, डोळे मिटून घे. पण थरथर आहे, तर उद्या घाटकोपरच्या अलीकडे ती बंदही पडेल. आता तू ठरव."

घाटकोपरचं नाव निघालं आणि दत्ताराम बोटांवर हिशेब करू लागला. घेतली आणि बंद पडली तर पैसेही गेले आणि काम पण गेलं. नाही घेतली तर काम गेलंच. अशा वेळी त्याच्या घराण्यात एकच रीत होती. देवगडजवळच्या गावी त्याचे काका रवळनाथाच्या देवळात गुरव होते. जमिनीचा वाद, मुलीचं स्थळ, म्हैस हरवली, काहीही असो, ते देवाच्या मूर्तीला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायचे आणि वाट बघायचे. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. लहानपणी दत्तारामने शंभर वेळा हे बघितलं होतं, दोनदा स्वतः लावलंही होतं.

"कौल लावूया," तो म्हणाला.

"कुठे?" खंडूने विचारलं. "गावाला जाऊन यायला चार दिवस लागतील."

"इथेच. गाडीला. दसऱ्याला आपण हिला हार घालतो का नाही? मग देव हिच्यात येतो, म्हणूनच घालतो."

"दत्ता, मी देव मानत नाही, तुला माहीत आहे. पण तुला मानतो. लाव काय लावायचं ते."

सुलक्षणाच्या कुंडीत जास्वंद होती. दत्तारामने हातपाय धुतले, दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि गाडीच्या दोन हेडलाइटांवर एकेक चिकटवली. ड्रायव्हरच्या बाजूची उजवी. त्यावर नंदकुमारनी हरकत घेतली, की समोरून बघितलं तर ती डावी होते.

"कौल देवाच्या बाजूने बघायचा असतो, आपल्या नाही," दत्ताराम म्हणाला. मग तो टोपी सारखी करून गाडीसमोर उभा राहिला आणि त्याने गाऱ्हाणं घातलं. काकांचा आवाज त्याच्या गळ्यात आपोआप आला.

"बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां हयसर मुलुंडाक जमली आसत. ह्या गाडयेचो इचार चललो हा."

"व्हय म्हाराजा."

दत्ताराम दचकला. हे वनमाला म्हणाली नव्हती, खंडू तर नव्हताच. पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही.

"गाडी घेवची काय नको, ता तू उजव्याडाव्यान सांग. आणि घेणाऱ्याचा, देणाऱ्याचा, दोघांचाय भला कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पुन्हा मोठ्याने आवाज आला, आणि या वेळी सगळ्यांनी बघितलं. नंदकुमार वालावलकर, हेड कॅशियर, हात जोडून, डोळे मिटून, छाती भरून म्हणाले होते.

"तुम्ही आमच्याकडचे?" दत्तारामने विचारलं.

नंदकुमारनी इकडेतिकडे बघितलं. "वडील कुडाळचे," ते म्हणाले, आणि मग एकदम बातम्या संपल्या. "मेल्या, हेच्या आधी बोलूक काय झाला तुका? तासभर मी इंग्रज असल्यासारखो उभो आसय."

सुलक्षणाने कपाळाला हात लावला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि तिने नवऱ्याला मालवणी बोलताना दोनदाच ऐकलं होतं, दोन्ही वेळा तापात.

कौल लावला होता. सगळे दिव्यांकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाकळ्या हलेनात. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय बघताय?" खंडू म्हणाला, "दिवे लागायची वाट बघतोय."

शेवटी नंदकुमारना राहवलं नाही. इंजिन थंड झालं की पुन्हा सुरू व्हायला त्रास देतं, म्हणून ते आत बसले आणि त्यांनी गाडी चालू केली. गाडी थरथरली आणि डावी पाकळी टपकन पडली.

दत्तारामने टोपी काढली. नंदकुमार मात्र गाडीतून उतरले ते हसतच. "देवाची इच्छा," ते म्हणाले.

"परत विचारा," वनमाला म्हणाली. "गाडी चालू केल्यामुळे देव दचकला असेल."

गाडी तशीच चालू ठेवून दुसऱ्यांदा लावला. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा वनमालाने स्वतःच्या हाताने पाकळी दाबून बसवली, मागून थोडा ओला गूळही लावला. पुन्हा डावीच. उजवी जागची हलली नव्हती.

"झालं," दत्ताराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर जयवंतरावांचं घड्याळ आलं. "चला. तीनदा नाही म्हणाला, आता काय विचारायचं?"

पण खंडू उठला नाही. तो मान वाकडी करून डाव्या दिव्याकडे बघत होता, जसा तो डेपोत आजारी बसकडे बघायचा. "तीनदा डावी," तो म्हणाला. "एकदाही उजवी नाही. वहिनी, गाडी बंद करू नका. दत्ता, एक पाकळी इकडे दे."

त्याने पाकळी डाव्या मडगार्डवर ठेवली. ती नाचत खाली गेली. उजव्या मडगार्डवर ठेवली, ती बसून राहिली. मग त्याने बॉनेट उघडलं आणि कमरेपर्यंत आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "सापडला हिवताप. इंजिन दोन रबरांवर बसतं. डावं रबर चिंधी होऊन गेलं आहे, इंजिन तिथे पत्र्यावर आपटतं. तास घालवला मी, आणि तुझ्या देवाने पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं."

"मग देव मेकॅनिक आहे म्हण," दत्ताराम म्हणाला.

"मेकॅनिक नाही. पण तपासनीस बरा आहे. सुलक्षणाताई, घरात जुनी रबरी चप्पल आहे का?"

सुलक्षणा धावत गेली आणि नंदकुमारची चप्पल घेऊन आली. जुनी नव्हती. खंडूने तिचे तुकडे केले, जॅकने इंजिन उचललं, तुकडे एकावर एक ठेवले आणि बोल्ट आवळले. नंदकुमार एका पायात चप्पल घालून हे बघत होते. "उद्या खरं रबर टाक," खंडू हात पुसत म्हणाला. "पण ही चप्पल दोन महिने जाते."

वनमालाने गाडी चालू केली. थरथर गेली होती. गाडी गुरगुरत होती, पोट भरलेल्या मांजरासारखी.

"आता लाव तुझा कौल," खंडू म्हणाला.

"तीनदा लावला. चौथ्यांदा विचारणं म्हणजे देवाला खोटं पाडणं."

"तेव्हा विचारलंस ती गाडी वेगळी होती. ही चपलेवरची गाडी आहे. हिच्याबद्दल अजून विचारलेलंच नाही."

दत्तारामला हे पटलं. आत कुठेतरी त्याला हेही ठाऊक होतं, की आपल्याला हेच पटवून घ्यायचं आहे. काका असते तर कान पिळला असता. त्याने नवीन पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आणि या खेपेला वनमालाही "व्हय म्हाराजा" म्हणाली, सुलक्षणाही म्हणाली. नंदकुमारचा आवाज सगळ्यांत बारीक होता. खंडू म्हणाला, "चालेल."

गाडी चालूच होती. पाकळ्या बसून राहिल्या. एक मिनिट गेलं. मग उजवी पाकळी जराशी सरकली, काचेच्या कडेला अडकली, तिथे थांबली. नंदकुमारनी श्वास रोखला. दत्तारामनेही रोखला. पाकळी सुटली आणि खाली पडली.

दत्तारामने ती उचलून डोळ्यांना लावली. मग खंडू म्हणाला, "आता उजवीकडचं रबर जास्त जुनं ठरलं ना, म्हणून."

"गप रे," वनमाला म्हणाली.

नंदकुमार गाडीजवळ गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. सुलक्षणा हळूच म्हणाली, "अहो, मनात नसेल तर राहू दे. मी नाही काही बोलणार." तिला स्वतःलाच आपलं बोलणं ऐकून नवल वाटलं असावं.

"नाही म्हणता येत नाही," नंदकुमार म्हणाले. "गाऱ्हाण्यात मी पण व्हय म्हटलं. उजवा कौल झाला. आमच्या वाडीत उजवा कौल मोडणाऱ्याच्या घरी कुणी जेवत नाही." मग ते दत्तारामकडे वळले. "दत्ताराम, अकरा दी. एक हजार तुज्या गाऱ्हाण्याचे. तुजा गाऱ्हाणा चांगला होता."

चावी देताना त्यांनी सांगायला सुरुवात केली. चोक अर्धाच ओढायचा. गुरुवारी तेल बघायचं. चढावर बोलायचं नाही, तिचं लक्ष जातं. उद्या ती घाटकोपरला कुणाच्या दारात, किती वाजता जाणार, हेही त्यांनी विचारून घेतलं. वनमाला गाडी आवाराबाहेर नेऊ लागली तेव्हाही ते खिडकीला हात लावून बरोबर चालत होते, सांगत होते, आणि मुख्य रस्ता लागल्यावर त्यांना धावावं लागलं. त्यांच्या एका पायात अजून चप्पल नव्हती.

सोमवारी पहाटे सहाला चारकोपहून गाडी निघाली. लिंबाएवढ्या भोकात वनमालाने कणीक भरली होती. डिकीत वीस किलो, मागे दत्ताराम. पवईचं वळण आलं तेव्हा त्याने सवयीने डोळे मिटले. उघडले तेव्हा वळण मागे गेलं होतं आणि कुणी शिंकलं नव्हतं.

घाटकोपरला जयवंतरावांच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती. जयवंतराव घड्याळ बघत बाहेर आले, पुन्हा बघितलं, आणि तिसऱ्यांदा बघून ते कानाला लावलं. "वहिनी," ते म्हणाले, "वर्षभराचं ठरलं."

तेवढ्यात फाटकाच्या आडून एक गृहस्थ पुढे झाले. पांढरा शुभ्र सदरा, हातात डबा, बँकेत जायच्या वेशात. त्यांनी कुणाशी न बोलता आधी बॉनेटला हात लावून तापलं आहे का बघितलं, खाली वाकून तेल गळतंय का बघितलं, मग बाह्या वर करून डिकी उघडली आणि मसाल्याचे डबे उचलून आत नेऊ लागले. प्रत्येक फेरीला परत येताना ते छपरावरून एकदा हात फिरवत.

जयवंतरावांनी पोऱ्याला तीन चहा सांगितले होते. त्यांनी त्या गृहस्थांकडे बघून चार केले.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"हे गाडीबरोबर आलेत," वनमाला म्हणाली, आणि माल तोलून द्यायला आत गेली.